हुळ्याचा वास

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी आयुष्यभर एसटी चालवली. परभणीहून निघणाऱ्या जवळजवळ प्रत्येक रस्त्यावर त्यांनी गाडी नेली आहे, आणि एवढ्या वर्षांत आपल्या चाकाखाली साधं कोंबडंसुद्धा आलं नाही असं ते सांगतात. ते खरंही आहे. ओढ्याला पाणी असो, कुणाला बाळंतपणाला न्यायचं असो, घरात कुणी काळजीनं तोंड लहान केलं की दादा म्हणायचे, "मी हाय ना गाडीवर." या एका वाक्यावर आईचा संसार झाला. गाडीत बसलं की ती पदर सावरायची, डोकं मागं टेकवायची आणि झोपून जायची. दादा चालवत असताना जागं राहायची तिला कधी गरजच वाटली नव्हती.

दादांचं इंजिनाचं शास्त्र फार सोपं. त्याला पाणी द्या, ते चालतं. त्यांच्या काळी स्टँडवर गाडी लागली की बॉनेट उघडायचं, रेडिएटरच्या टोपणावर ओलं गोणपाट टाकायचं, तोंड बाजूला वळवून टोपण जरासं फिरवायचं, वाफ निघून गेली की वरून पाणी ओतायचं. हे काम ते दुसऱ्याला करू द्यायचे नाहीत. लहानपणी मी ते लांबून बघायची आणि फुस्स आवाज झाला की डोळे गच्च मिटून घ्यायची. दादा हसायचे. मला मात्र ते हसण्यासारखं कधी वाटलं नाही, आणि आता तर नाहीच.

मी परभणीत शाळेवर आहे. नवऱ्याची नोकरी बाहेरगावी, म्हणून मी एक छोटी पेट्रोलची गाडी घेतली, वापरलेली. माझी लेक लहान असताना एकदा चालत्या गाडीचं मागचं दार उघडायला निघाली होती, तेव्हापासून मी मागच्या दोन्ही दारांचा लहान मुलांसाठीचा खटका लावून ठेवला. तो लावला की दार फक्त बाहेरून उघडतं, आतून कितीही ओढलं तरी नाही. लेक मोठी झाली, खटका तसाच राहिला. असल्या गोष्टी कोण रोज आठवत बसतो?

दादांना माझी गाडी पहिल्यापासून आवडली नाही. तिला पाण्याच्या तापमानाचा काटा नव्हता, नुसता दिवा होता. "काटा न्हाई ती कसली गाडी? पेशंटचा ताप बघायचा आन् थर्मामीटर न्हाई!" असं म्हणायचे. पण ते परभणीला आले की किल्ली त्यांच्याच खिशात. मी असताना तू कशाला, हा त्यांचा हक्काचा सवाल. मला राग यायचा, अजूनही येतो. मी सगळ्या वर्गाला गप्प बसवते, पण दादांच्या हातातून माझ्याच गाडीची किल्ली काढून घेणं मला जमलेलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी बाजारातून परत आले, तर अंगणात हिरवं पाणी वाहत होतं. दादांनी रेडिएटरमधलं कूलंट सोडून दिलं होतं. "हे काय हिरवं सरबत भरून ठिवलंय? लुटायचे धंदे हायेत ह्ये. म्या बोरचं चांगलं पाणी भरलंय." बोरचं चांगलं पाणी! ज्या पाण्यानं आमच्या हंड्याला आतून पांढरी साल धरते, गीझरची कॉइल मरते, नळाच्या जाळ्या बुजतात, ते पाणी त्यांनी इंजिनात ओतलं होतं. मी अंगणातच तोंडाला येईल ते बोलले. दादा रात्री जेवले नाहीत. आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि म्हणाली, "जाऊ दे की गं. आता दुसरं काय हाय त्यांच्या हातात?"

त्यानंतर काही आठवड्यांनी गाडी मधेच आचके द्यायला लागली, आणि समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला तो विझेचना. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच सांगितलं, "सेन्सर असतंय ताई. जळू द्या. गाडी पळायलीय ना?" दादांना ते एकदम पटलं. पण तो दिवा चालवताना डोळ्यांत जायचा, म्हणून त्यांनी आईकडून तिच्या पाकिटातली एक मोठी मरून टिकली मागून घेतली आणि दिव्यावर चिकटवून टाकली. आईला हसू आवरेना. म्हणाली, "गाडीला कुंकू लावलंय यांनी." मीही हसले. त्या वेळी ते खरंच गमतीचं होतं.

मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. माझ्याकडेच होती. टाके निघाल्यावर मात्र तिला एक दिवस चैन पडेना, गावी जायचंच म्हणून बसली. गाव ताडकळसच्या पलीकडं. फेब्रुवारी संपत आला होता, ऊन चावायला लागलं होतं, रानात हरभऱ्याची काढणी चालली होती. आम्ही तिला मागच्या सीटवर आडवं बसवलं. पाठ डाव्या दाराला, पाय लांब करून उजव्या दाराकडे, गुडघ्याखाली उशी. तिला गुडघा वाकवता येत नव्हता आणि कुणी धरल्याशिवाय उठताही येत नव्हतं. निघायच्या आधी तिनं उशी नीट करायला आतून दार ओढून बघितलं, ते उघडलं नाही. "मला काय कोंडून घातलंय का गं?" असं तिनं विचारलं. दादा किल्ली फिरवत म्हणाले, "मी हाय ना गाडीवर." तिनं डोकं मागं टेकवलं.

शहर मागं पडलं तसा रस्ता मोकळा झाला. पुढं एका वळणानंतर रस्त्याच्या अर्ध्या भागावर उपटलेला हरभरा पसरलेला होता. आमच्याकडे हे नवीन नाही. मळणी यंत्र मिळेपर्यंत थांबायला नको म्हणून माणसं घाटे धरलेली वाळकी झाडं डांबरावर पसरतात, जाणाऱ्या येणाऱ्या गाड्यांनी ती तुडवली जातात, मग दाणे झाडून घ्यायचे. बाकीचे लोक बाजूनं गाडी काढतात. दादा कधी काढायचे नाहीत. एसटीत असताना ते मुद्दाम ढिगावरून बस न्यायचे आणि रानातल्या लोकांनी हात वर केला की एक हॉर्न द्यायचे. एका गाडीनं एका घरचं अर्धं काम होतं म्हणायचे. त्यांच्या बसला खाली वीतभर नव्हे, चांगली हातभर जागा असायची.

तिथं एक म्हातारी हातात काठी घेऊन उभी होती. तिनं आमची गाडी बघून हात केला. "ओ मामा, जरा हरभऱ्यावरून जाऊ द्या!" दादांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी गाडी सरळ हरभऱ्यावर घातली. माझ्या पायाखाली कडकड आवाज झाला, पोटाखाली कुणीतरी खरवडतंय असं वाटलं. "दादा, गाडी खाली हाय आपली," मी म्हणाले. पण त्यांनी मागं घेतली, पुन्हा पुढं नेली, पुन्हा मागं. म्हातारी हसत होती, आई कण्हत कण्हत हसत होती. समोरच्या काचेवर भुसकट उडत होतं. शेवटी दादांनी एक हॉर्न दिला आणि आम्ही निघालो. आरशात मला म्हातारी वाकून रस्त्यावरचं काड हलवताना दिसली.

थोडं पुढं गेल्यावर वास यायला लागला.

आधी आईलाच आला. तिचं नाक लय तिखट. "कुणीतरी हुळा भाजायलंय," ती म्हणाली. हुळा म्हणजे हरभऱ्याची ओली डहाळी जाळावर धरून भाजतात तो. काळे झालेले घाटे तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि हिरवे गरम दाणे तोंडात टाकायचे. मला लहानपण आठवलं. खरंच तोंडाला पाणी सुटलं. मी काच खाली करून दोन्हीकडच्या रानात बघितलं आणि परत वर केली. कुठं धूर नव्हता, कुठं माणसं जमलेली नव्हती, सगळा हरभरा वाळून पिवळा पडलेला होता. ओली डहाळी या दिवसांत कुठून यायची? हा विचार माझ्या मनात आला आणि तसाच निघून गेला. दादा म्हणाले, "असंल की पलीकडं कुणी. घरी गेल्यावर आणतो तुमाला."

वास मात्र मागं पडेना. रान बदललं, ओढा गेला, एक गाव गेलं, वास आमच्याबरोबरच. उलट वाढत होता, आणि आता त्यात करपटपणा आला होता. गाडी आचके द्यायला लागली. मी पुढं वाकून बघितलं, तर आईच्या टिकलीच्या शेजारी लाल दिवा लागलेला. टिकलीची कड त्याच्यावर आली होती, म्हणून अर्धाच दिसत होता. "दादा, पाणी तापलंय. लाल लागलाय." त्यांनी एक नजर टाकली आणि शांतपणे म्हणाले, "दिसतंय मला. पाणी मागायलीय ती."

पुढं एक विहीर दिसली, रस्त्यापासून जरा आत, मोटर चालू होती. दादांनी गाडी रस्त्याखाली उतरवली आणि बाभळीच्या सावलीत लावली, आईला ऊन नको म्हणून. खाली वाळलेलं गवत होतं, गुडघ्याएवढं. गाडी थांबली तसा तो वास एकदम जाड झाला. दादांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली. चहाला उतरायचं असलं तरी किल्ली खिशात, ही त्यांची डेपोतली शिस्त. किल्ली काढल्यावर काचाही खाली होत नाहीत. डिकीतून त्यांनी कॅन आणि गोणपाट काढलं. "तू बस गं, पाय मोडून घिशील," आईला म्हणाले, आणि मला, "चल, कॅन भरू लाग."

आम्ही बांधावरून विहिरीकडे गेलो. तिथं एक शेतकरी पाट वळवत होता, त्यानं पाईप आमच्या कॅनमध्ये धरला. दादांनी गोणपाट भिजवलं, पिळलं, खांद्यावर टाकलं आणि कॅन उचलून पुढं निघाले. या वयात भरलेला कॅन घेऊन ते असे झपाझप चालले होते की मला बरं वाटलं. माझी चप्पल चिखलात रुतली, ती काढायला मी खाली वाकले. वर बघितलं, तर गाडीभोवती पातळ निळसर धूर होता.

तो पुढून येत नव्हता, खालून येत होता.

दादांनीही तो बघितला. पण त्यांना इंजिन तापलंय एवढंच माहीत होतं, आणि तापलेल्या इंजिनाचं काय करायचं हे त्यांच्या हाडात होतं. ते गाडीच्या उजव्या बाजूनं गेले. आई आत दोन्ही हातांनी उजव्या काचेवर पोचायचा प्रयत्न करत होती. पाय लांब, पुढं वाकता येईना, तरी तिनं उशीशेजारची काठी घेतली आणि काठीनं काच वाजवली. मला आवाज ऐकू आला नाही, हात हलताना दिसला. दादांना ती दिसली. त्यांनी चालता चालता तिला तळहात दाखवला. बसमध्ये उठून पुढं येणाऱ्या पॅसेंजरला दाखवायचे तसा. थांबा, बसून राहा. आणि ते तिच्यासमोरून कॅन घेऊन पुढं गेले. त्यांनी बॉनेट वर केलं आणि त्या पत्र्याआड आई त्यांना दिसेनाशी झाली.

मी कशी धावले मला आठवत नाही. ओरडत होते एवढं आठवतं. "दादा, दार! दार उघडा!" त्यांनी टोपणावर गोणपाट टाकलेलं होतं. गवताला आता उघड जाळ लागला होता, मागच्या चाकाजवळ, बुटका आणि केशरी, उन्हात नीट दिसतसुद्धा नव्हता. मी डावं दार बाहेरून ओढलं. आईची पाठ दाराला होती, ती तशीच माझ्या अंगावर मागं कोसळली. मी तिच्या काखेत हात घालून ओढलं. तिचा पाय सीटवरून खाली आपटला आणि ती जशी ओरडली तशी ती मला जन्म देतानाही ओरडली नसेल. विहिरीवरचा शेतकरी फावडं टाकून धावत आला, त्यानं तिचे पाय उचलले. तिच्या लुगड्याचा काठ करपला होता. आम्ही तिला बांधापलीकडं नांगरटीत नेऊन ठेवलं.

पुढून फुस्स आवाज झाला. मग दादांचं "आई गं" ऐकू आलं. उकळतं पाणी गोणपाटाच्या खालून त्यांच्या मनगटावर, दंडावर उडालं होतं. शेतकऱ्यानं आवाज दिला, "मामा, सोडा ती गाडी! सरका मागं!" दादा मागं सरकले. त्यांच्या हातात कॅन तसाच होता, पाण्यानं भरलेला. गाडीला आतून जाळ दिसायला लागला, तरी ते कॅन धरून उभेच होते. हवेत रबराच्या जोडीला अजून हुळ्याचाच वास होता. त्या दिवसापासून मी हुळा तोंडात घातलेला नाही.

नंतर सगळं कळलं, नको तितकं. इंजिनातून निघणारा धूर खालच्या एका डब्यातून जातो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात त्याला. त्यात धुरातलं विष जाळलं जातं, म्हणून तो मुळातच तापलेला असतो. इंजिन आचके देत असेल तर न जळलेलं पेट्रोल त्याच्यात जाऊन पेटतं आणि डबा लालबुंद होतो. पिवळा दिवा हेच सांगत होता. त्या डब्याभोवती आम्ही स्वतःच्या हौसेनं वाळका हरभरा कोंबला होता, उरलेलं भुसकट रेडिएटरच्या जाळीत बसलं होतं, आणि आतून बोरच्या पाण्यानं साल धरली होती. दादांच्या जुन्या बसला असला डबाच नव्हता. मला त्यांचा राग आला, फार आला, आणि त्यांच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघून रडूही आलं. दोन्ही एकाच वेळी होत होतं.

पण त्या नांगरटीत, अजून गाडी जळत असताना, आई मला जे बोलली ते मला कुणी समजावून सांगू शकलेलं नाही. दादा लांब उभे होते. तिनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "मी काच वाजवायले होते. ह्ये माझ्यासमोरून गेले." तक्रार नव्हती. तिनं बघितलेलं ती मला सांगत होती. दादांना ती हे कधीच बोलली नाही, आणि दादांनी तिला कधी विचारलं नाही.

आता दुसरी गाडी आहे. कूलंट मी स्वतः बघते, सकाळी, इंजिन थंड असताना, आणि गरम टोपणाला कुणाला हात लावू देत नाही. कुठलाही दिवा लागला की गाडी चांगल्या गॅरेजला. वाळक्या गवतावर लावत नाही, पसरलेल्या पिकावर घालत नाही, मग म्हातारी कितीही हात करू दे. मागच्या दारांचे खटके पहिल्याच दिवशी काढून टाकले. गावाहून निघताना दादा अंगणात गोणपाट अंथरतात, त्यावर उताणे झोपून गाडीखाली बॅटरी मारतात आणि वाकवलेल्या तारेनं असेल नसेल ती काडी ओढून काढतात. त्यांना उठताना त्रास होतो. आई काठी टेकून तेवढा वेळ उभी असते, बसत नाही. तिचा गुडघा पुढं कधी नीट वाकलाच नाही.

गाडी मी चालवते. दादा मागं बसतात, न सांगता. आई माझ्या शेजारी बसते, आणि पूर्ण वाटेत तिचा डावा हात दाराच्या मुठीवर असतो. मी कधी म्हणते, "आई, झोप की जरा." ती म्हणते, "झोप न्हाई आली."

या वर्षी हरभऱ्याला हिरवे घाटे भरले तेव्हा आम्ही ताडकळसवरून चाललो होतो. बाजाराचा दिवस होता, गर्दी होती, मी अगदी हळू चालवत होते. रस्त्याच्या कडेला कुणीतरी खरंच जाळ करून डहाळ्या भाजत होतं, चारदोन माणसं भोवती बसली होती, पोरं फुंकर मारून दाणे खात होती. वास आत आला. मी आईकडे बघितलं, ती सीटवरून पुढं सरकली होती. मागून दादा पुढं वाकले आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचं ते वाक्य मला ऐकू आलं. "आगं बस. मी हाय ना."

मी ब्रेक दाबला, पण गाडी पुरती थांबली नव्हती. आईनं तोवर दार उघडून तो न वाकणारा पाय बाहेर काढला होता.